तीन पहिले का सहा?

मामी, तुमच्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात अजून क्रीम आहे.

तुमसरच्या स्टुडिओवाल्यानं भल्ली कापाकापी केली. तुमच्या बाजूले मी उभी होती, मले कापलं. मांगची ट्यूबलाईट कापली, टेबल कापला, केक कापला. पण तुमचा पदर जिथं सरते तिथं गुलाबी क्रीमचे दोन ठिपके त्याच्या हातून राहूनच गेले. चौकात तेरवीचा फ्लेक्स लागला तं ते ठिपके टमाट्याएवढे दिसत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याले वाटलं, गुलाबाची फुलं असतीन. मले माहीत होतं ते काय आहे. सहाच्या पोटावरचं क्रीम होतं, माह्याच हातचं.

आता तोच फोटो पुढच्या सपरीत भिंतीवर आहे, हार घालून. अन् त्याच्याखाली चटईवर मी. भेटाले येणाऱ्या बायका आल्या आल्या माह्या गळ्यात पडतात. “कशा मायलेकीवानी राहत होत्या वं तुमी दोघी!” मी मान हलवते. दुसरं काय करू? त्याच बायका आहेत मामी, ज्या नव्या सालाच्या दिवशी याच सपरीत पोट धरून हसल्या होत्या. त्याहीच्या मोबाईलात तो फोटो अख्खा आहे, माह्यासकट, केकासकट. मनात येते की उठावं अन् मांगच्या वाडीत निघून जावं. पण सून उठून गेली तं गाव म्हणन, पाहा बाप्पा, सासू मेल्यावरही हिच्या मनातली अढी सुटली नाही. म्हणून बसून राहते. कंबर धरते, पायाले मुंग्या येतात, तरी बसून राहते.

पहिले मी हे सारं शुद्ध भाषेत लिहायले घेतलं होतं. दोन ओळी लिहिल्या अन् तुमचा आवाज कानात आला, “आली मोठी मास्तरीनबाई!” मंग फाडून टाकलं. अकरा वर्ष ज्या बोलीत आपण भांडलो, त्याच बोलीत लिहून राहिली.

भांडण तसंच अर्धं पडून आहे ना आपलं. तुम्ही गेल्या म्हणून ते मिटलं असं काही मी समजत नाही.

तुमच्या पेटीची हालत सांगते. तुम्ही तिले कधी ओव्हन म्हणलं नाही. “पेटी तापली का वं?” म्हणत होत्या. केक झाला की पेटी टिंग वाजे अन् तुम्ही कुठंही असा, गायीपाशी असा का अंगणात धान पाखडत असा, तिथूनच ओरडत होत्या, “झालं वं ज्योते!” जसं काही टिंग मले ऐकू येत नव्हतं! त्या पेटीवर आता तुमचं हिरवं लुगडं पडलं आहे. तेरवीचे भांडे घासून झाले अन् सुनीताताईनं ते तुमच्या लोखंडी पेटीतून काढून या पेटीवर टाकलं. म्हणाल्या, “वयनी, आईचं वरीस आहे. वरीसभर घरात केक नाही, वाढदिवस नाही.” तुमची पोरगी आहे, तिचीही माय गेली आहे, मी कायले तोंड लागू? मी हो म्हणलं. मंग त्या म्हणाल्या, “अन् वरीस सरल्यावर इथं बाबाचा पलंग आणू. त्याहिले मोरीजवळ बरं पडन.” त्यालेही मी हो म्हणलं. मंग त्याहीनं तुमच्या चाव्यांचा जुडगा माह्या कमरेले खोसला अन् म्हणाल्या, “आता तूच घरची मोठी.” अन् दुसऱ्या दिवशी त्या अड्याळले आपल्या घरी निघून गेल्या.

तुमाले सांगते मामी, चाव्या कमरेले आल्या अन् पाय बांधल्या गेले. सकाळी मामाजीचा चहा, गायीचं, यांचा डबा, आपल्या स्वराची शाळा, मंग भेटाले येणारे, मंग परत चहा. येता-जाता तुमचं लुगडं दिसते. दुसऱ्या कोणाचं असतं तं मी एका हातानं उचलून फेकलं असतं. तुमचं कसं उचलू? वरीसभर पेटी बंद राहिली की ऑर्डरी तुमसरले जातीन, अन् एकदा गेलेलं गिऱ्हाईक काय परत येते? या घरात एवढी एकच गोष्ट माही होती. बाकी सारं मी आली तेव्हा अगोदरच होतं.

म्हणून मले जाणून घ्यायचं होतं, अन् ते फक्त तुम्हीच सांगू शकत होत्या, का तुम्ही पेटीच्या बाजूनं होत्या का विरोधात? तुमचं आयुष्यभर काही समजलं नाही. सपरीतली धानाची ढोली हलवून तिच्या जागेवर पेटी ठेवाले तुम्हीच सांगतलं. अन् त्याच तुम्ही रोज म्हणत होत्या, “पोटाले भात लागते, केक नाही.”

आठवते का, पहिला आकडा कसा झाला ते? स्वरा चार वर्षाची होणार होती. मी मोबाईलवर पाहून पाहून इंग्रजी चाराचा पुठ्ठा कापला. तुम्ही तांदूळ निवडून राहिल्या होत्या. पुठ्ठ्याकडं पाहून म्हणल्या, “हे काय हाये वं? खुर्ची पडली वाटते उलटी.” मी म्हणलं, चार आहे, इंग्रजी. तुम्ही सूप खाली ठेवलं. “पोट्टी आपली हाये ना? मंग आकडाबी आपला कर.” मी म्हणलं, मामी, मराठी चाराचा केक जगात कोणी करत नाही. तुम्ही म्हणल्या, “जगाची नात हाये का थे?”

तुमची शाळा दोन वर्गाची. पेन हातात धरला की हात थरथरे तुमचा. पण मोजता तुमाले शंभरापर्यंत येत होतं, अन् नऊपर्यंतचे आकडे काढता येत होते, मराठी. तुम्ही वाडीत गेल्या, धानाच्या तणसीची दोरी वळून आणली, भाऱ्यांले बांधतो तशी, अन् मी सारवलेल्या जागेवर अंथरलेल्या पेपरावर ती दोरी अशी फिरवली, तशी फिरवली, अन् चार झाला. पोट चांगलं भरलेला, शेपटी वर उचललेला चार. अन् घरभर तणसीचा भुसा! मी किती ओरडली त्या दिवशी. केकमंदी काडी गेली तं? लोकायच्या घशात अटकली तं? तुम्ही म्हणल्या, “गाय खाते, तिले काही होत नाही.” मी दोरीच्या बाजूनं पेन्सिल फिरवली, खोक्याचा पुठ्ठा कापला, अन् त्या पुठ्ठ्यावर केक कापला. मंग दोन थर, मधात क्रीमचे गोळे, वर क्रीमचे गोळे, त्याच्यावर रंगीत गोळ्या अन् आंबागडहून मायनं पाठवलेल्या चारोळ्या.

फोटो माहेरी पाठवला तं भावाचा फोन, “काय वं ताई, स्वरा आठ वर्षाची झाली का?” मराठी चार त्याले इंग्रजी आठ दिसला. तुम्ही फोन माह्या हातातून घेतला अन् त्याले म्हणल्या, “जावा, पयले शाळेत जाऊन या.” तो आजही म्हणते का ताई, तुही सासू म्हणजे सासू.

मंग तुमच्या दोरीनं एकेक करत सारे आकडे झाले. पाच तेवढा वाकडा आला, सापावानी. मी सरळ करू म्हणलं तं तुम्ही करू देला नाही. सारे पुठ्ठे मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले. हळूहळू लोक यायले लागले. कोणाच्या बापाची साठी, कोणाच्या लग्नाले पंचवीस. पण पोट्ट्यायले इंग्रजीच पाहिजे. मी गिऱ्हाईकाले बसवावं, पाणी द्यावं, अन् तुम्ही आतून सांगावं, “इंग्रजी पाहिजे तं तुमसर कुठं दूर हाये? बस जाते!” किती गिऱ्हाईकं घालवले तुम्ही माहे! त्याच्यावरून आपलं भांडण आठवड्यातून दोनदा ठरलेलं. मी म्हणत होती, तुमाले माहा धंदा होऊच द्यायचा नाही. तुम्ही म्हणत होत्या, “धंदा कर ना. आपला कर.” आता घरात कोणी आडवं बोलत नाही. काही म्हणलं का सारे हो म्हणतात. भिंतीशी बोलल्यावानी वाटते.

पेटी लहान. एका वेळेले एकच आकडा मावते. म्हणून दोन आकड्याचा केक म्हणजे दोन थाळ्या. पेटी सपरीत, पण क्रीम लावणं आत. स्वयंपाकघरातून सपरीत यायच्या दरवाजातून एका वेळेले एकच माणूस निघते, अन् उंबरठा असा उंच का नवा माणूस पडतेच. पहिल्या आकड्याची थाळी घेऊन मी पुढं, दुसऱ्याची घेऊन तुम्ही मांग. दरवेळेले तसंच. उंबरठा आला का मांगून तुमचा आवाज, “पाय पाहून.” दरवेळेले मी म्हणे, माहीत आहे मामी. दरवेळेले तुम्ही परत म्हणत होत्या.

आता नव्या सालाच्या दिवसाची गोष्ट. ही मले लिहायची नव्हती, पण तिच्याशिवाय बाकीचं काही खरं नाही.

तुमचा वाढदिवस कोणाले माहीत होता? धानाच्या रोवण्याच्या टायमाले झाली, एवढंच तुमची माय सांगे. आधार कार्डवाल्यानं नव्या सालाचा पहिला दिवस लावून देला. स्वरानं ते कार्ड पाहिलं अन् हट्ट धरला, आजीचाही केक पाहिजे. त्रेसष्टचा. तुम्ही पहिले “चाल हट” म्हणल्या, मंग लाजल्या, मंग हळूच म्हणल्या, “चारोळ्या टाकजो.”

त्याच आठवड्यात माहा वाढदिवस होऊन गेला होता. धान चुरण्याची गडबड, हे राईस मिलमंदी, मी दुसऱ्याच्या लेकराचा सात करत होती. माहे हात पिठात होते म्हणून मायचा फोन तुम्ही उचलला अन् माह्या कानाले लावून धरला. बस. घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही, अन् मी सांगतलं नाही. सांगून करून घ्यायचा असन तं कायचा वाढदिवस! पण जीवाले लागलं होतं. गावाचे वाढदिवस जिच्या हातानं होतात, तिचाच कोणाले याद नाही.

तुमचा केक मी मन लावून केला, हे मात्र खरं. गुलाबी क्रीम, भरपूर चारोळ्या. सपरी माणसायनं भरली होती. मी नेहमीवानी सहाची थाळी उचलली. तुम्ही म्हणल्या, “थांब. आज मी पुढं जातो. वाढदिवस माहा हाये ना?” मी हसून बाजूले झाली. तुम्ही तिनाची थाळी उचलली अन् निघाल्या. मले वाटलं, चुकल्या. मांगून म्हणलं, मामी, ती नाही, ही. तुम्ही ऐकलं नाही. टेबलावर तीन ठेवला, अन् उरलेल्या जागेवर हात ठेवून मले म्हणल्या, “ठेव वं इथं.”

मी सहा ठेवला. छत्तीस झाले.

मंग कोणीतरी बाई चित्कारली, “अवं माय! सासू-सुनेचा छत्तीसचा आकडा!” अन् जे हसणं सुटलं, जे हसणं सुटलं! मामाजीले ऐकू नाही आलं तरी ते हसले. हे पण हसले. माह्यासमोर तिनाची पाठ सहाले अन् सहाची पाठ तिनाले. गावानं जे अकरा वर्ष आपल्यामांग म्हणलं, ते मी माह्या हातानं क्रीम लावून टेबलावर मांडलं होतं. तुम्ही हसल्या नाही. तुम्ही सुरी घेतली, माह्या हातात देली अन् म्हणल्या, “काप वं, ज्योते.”

मले वाटलं, पाहा. स्वतःचा वाढदिवस आहे तरी कापायचं काम सुनेचंच. मी तिनाच्या कमरेतून सरळ सुरी घातली. तुम्ही पहिला तुकडा उचलून माह्या तोंडाजवळ आणला. मी तोंड फिरवलं. म्हणलं, तुमचा आहे, पहिले तुम्ही खा. तुम्ही थोडं थांबल्या. मंग तो तुकडा तुम्हीच खाल्ला अन् म्हणल्या, “चारोळ्या चांगल्या हायेत.” तेव्हाच कोणीतरी फोटो काढला. भिंतीवरचा तो हाच.

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात तुमाले विचारलं, मुद्दाम केलं ना?

तुम्ही म्हणल्या, “हाव. मुद्दाम केलं.”

झालं. त्याच्यापुढं मी काही विचारलं नाही अन् तुम्ही काही सांगतलं नाही. मंग “मीठ कुठं हाये”, “गाय पाजली का”, एवढंच. थंडी गेली, मोहफुलं पडाले लागले, तरी आपलं एवढंच. पेटी टिंग वाजे अन् तुम्ही “झालं वं” म्हणत होत्या, पण ज्योते म्हणत नव्हत्या. अन् एका सकाळी अंगण सारवता सारवता तुम्ही बसल्या त्या उठल्याच नाही. मी पळत आली, तुमचं डोकं मांडीवर घेतलं. तुमचे हात शेणानं भरलेले होते अन् ते तुम्ही माह्या लुगड्याले लागू नये म्हणून बाजूले धरून होत्या. मामी, त्या टायमालेही?

गेल्या आठवड्यात शेजारची शेवंताकाकू आली. भेटाले नव्हती आली, कारण भेटून तं ती पहिल्याच दिवशी गेली होती. लुगड्यानं झाकलेल्या पेटीकडं पाहत बसली, पदराचं टोक पिळत बसली. मंग म्हणे, “ज्योती, बोलू का नाही समजत नाही. नातीचा अकरावा हाये. तुमच्या घरी दुख हाये, मले दिसते. पण पोट्टी ऐकून नाही राहिली. मराठीत पाहिजे म्हणते, आजीच्या आकड्याचा.”

मी म्हणलं, काकू, वरीस आहे. अन् खरं सांगू का, आकडा म्हणलं तरी मले आता नको वाटते. तो छत्तीस अजून डोळ्यापुढून जात नाही.

काकू म्हणे, “छत्तीस? थो तं तिनं मले विचारून केला.”

मी म्हणलं, विचारून?

“आली होती ना माह्या घरी, आदल्या दिवशी. म्हणे, शेवंते, छत्तीस लिवतानी तीन पयले का सहा? मी म्हणलं, तीन पयले. तं परत विचारे, पक्कं ना वं? चुकन तं सून हासन. मी म्हणलं, तुले तं त्रेसष्ट लागून राहिले, छत्तीस कायले पाहिजे? तं म्हणे, सुनेले छत्तीस लागले. तिच्या मायचा फोन आला तवा समजलं. घरच्या एकालेबी याद नाही. आता दुसरा केक तिलेच कराले कसा सांगू? दोन्ही आकडे तेच तं हायेत. फिरवून मांडतो अन् देतो तिच्या हातात सुरी.”

मी विचारलं, मंग तुम्ही तेव्हा काहून नाही सांगतलं, काकू? साऱ्या हसत होत्या तेव्हा?

“तिनंच नको म्हणलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणलं होतं तिले, जा, सांग सुनेले, उलटं झालं हाये. तं म्हणे, समजन तिले. केक थेच बनवते. आकडा तिले नाही समजन तं कोणाले समजन?”

समजन तिले! मामी, काय समजन? कसं समजन? छत्तीसचा आकडा हे तुम्हीही किती वेळा म्हणलं होतं, मामाजीच्या अन् त्याहीच्या भावाच्या भांडणाले. पण ते बोलणं एका तोंडानं आलं अन् गेलं. आकड्यायची पाठ कुठं अन् तोंड कुठं, हे तुम्ही पाहिलंच नसन. तुमच्यासाठी छत्तीस म्हणजे छत्तीस वर्षाची सून. मी अन् गाव पाठ पाहत बसलो.

पण मी एकटीनंच सारं डोक्यावर घ्यावं, असंही मले वाटत नाही. तुम्ही काही कमी नव्हत्या. “हाव, मुद्दाम केलं” एवढं म्हणता आलं, तं पुढचे चार शब्द काहून नाही आले? तोंड होतं ना? गिऱ्हाईकाले तुमसरची बस सांगाले तोंड होतं, माह्या भावाले शाळेत पाठवाले होतं. “ज्योते, हा तुहा हाये” म्हणाले काय झालं होतं? मी तोंड फिरवलं तेव्हा एक चापट मारली असती तरी चाललं असतं. तुमाले राग आला अन् तुम्ही राग धरला. माह्यासारखाच. म्हणूनच तं आपलं जमत नव्हतं.

आता सांगा, मी काय करू? तुमच्यावर रागावते तं ते खोटं पडते. रागावत नाही तं ते अबोल्याचे दोन-अडीच महिने कुठं नेऊन ठेवू? आधी निदान रागाले धरून तरी बसली होती. आता तेही नाही. चटईवर बसते, बाया येतात, “मायलेकीवानी” म्हणतात, अन् मले हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. हुंदका येते तं त्याहिले वाटते, आपल्या बोलण्यानं आला.

शेवंताकाकूले मी काही जबाब देला नाही. ती गेल्यावर मामाजी पलंगावरून म्हणाले, “ज्योती, थे टिंग नाही वाजत आताशा.”

मले वाटत होतं, त्याहिले टिंग ऐकूच येत नसन. म्हणलं, मामाजी, पेटी बंद आहे. ताई म्हणाल्या, वरीसभर.

त्याहीनं नाही म्हणून मान हलवली. मंग म्हणाले, “टिंग मले आयकू नाही ये. तिचं वरडणं आयकू ये. टिंग वाजलं का थे वरडे.” अन् कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपले.

मामी, मी तुमचं लुगडं काढलं. झटकलं, घडी केली, तुमच्या पेटीत ठेवलं, लोखंडाच्या. चावी माह्याच कमरेले होती. अन् या पेटीची पिन लावली. सुनीताताईले कोणी ना कोणी सांगनच, त्या फोन करतीन, बोलतीन. गावही बोलन. मामाजीचा पलंग आज ना उद्या इथं येईनच, तेव्हा पेटी कुठं ठेवू, ते मले माहीत नाही. माही सुटका झाली असं काही समजू नका. पण “केक थेच बनवते” म्हणलं ना तुम्ही? आता तुमच्या तोंडचं दुसरं काही हातात नाही तं तेच धरून राहिली.

अकरा म्हणजे दोन एक. एकच पुठ्ठा दोनदा. कोणता पहिले अन् कोणता मांगून, हा सवालच नाही. चारोळ्या होत्या थोड्या, त्या टाकल्या. टिंग वाजलं तेव्हा सवयीनं मी दरवाजाकडं पाहिलं. मामाजीही पाहून राहिले होते. मंग मीच ओरडली, “झालं वं!” ते हसले अन् त्याहीच्या डोळ्यातून पाणी आलं.

आत क्रीम लावून पहिली थाळी मी सपरीत ठेवली अन् दुसरीसाठी परत गेली. दोन फेऱ्या. उंबरठ्यावर दुसऱ्या खेपेले ठेच लागली. थाळी पडली नाही, अंगठा सोलला. मी तिथंच उंबरठ्यावर बसली, थाळी मांडीवर घेऊन.

अन् बसल्या बसल्या डोक्यात आकडे फिराले लागले. मी या घरात आली तेव्हा पंचवीसची होती. तुम्ही बावन्नच्या. पंचवीस फिरवलं का बावन्न. छत्तीस फिरवलं का त्रेसष्ट. अन् अजून अकरा वर्षानं मी सत्तेचाळीसची, तुम्ही असत्या चौऱ्याहत्तरच्या. तेही फिरते! दोघींचा केक एकच, थाळ्या तेवढ्या बदलायच्या. मामी, आपला आकडा असा होता अन् ते तुमाले माहीत नव्हतं, मलेही नव्हतं.

चार अन् सात दोन्ही पुठ्ठे बिस्किटाच्या डब्यात आहेत, तुमच्या दोरीचे. सत्तेचाळीसची होईन तेव्हा मीच सांगीन साऱ्यायले, आज माहा वाढदिवस आहे म्हणून. चाराची थाळी घेऊन मी पुढं जाईन, पाय पाहून.

साताची कोण धरन?